शिकलगार सरांचे दमलेले शिपाई

दस्तगीर शिकलगार सरांची आणि माझी पहिली ओळख चहाच्या चोथ्यावरून झाली. मी भूगोलाचा शिक्षक म्हणून आमच्या हायस्कुलात रुजू झालो त्याच आठवड्यातली गोष्ट. मधल्या सुट्टीत एक उंच, किडकिडीत गृहस्थ शिक्षकांच्या खोलीत आले. सगळ्यांचा चहा झाल्यावर त्यांनी गाळण्यातला चोथा रुमालावर ओतून घेतला, घट्ट पिळला आणि ती पुरचुंडी कोटाच्या खिशात घालून ते वर्गावर निघून गेले. मी बघतच राहिलो. शेजारचे सहकारी म्हणाले, "ड्रॉइंगचे सर हायत. जमीन करत्यात त्याची." मला वाटले, हे गृहस्थ घरी परसबाग करत असावेत.

तो चोथा उन्हात वाळवून, चाळून, त्यात चिमूटभर पिवळी माती मिसळली की बोटभर उंचीच्या शिपायाच्या पायाखाली तो थेट रणभूमीची जमीन होतो, हे मला पुढे सरांच्या घरी गेल्यावर कळले. तिथून मी जो त्यांच्या नादी लागलो तो आजवर. आता सर साठ वर्षांचे झाले आहेत आणि गौरव समितीने त्यांच्या गौरवग्रंथासाठी माझ्याकडे लेख मागितला आहे. खरे सांगायचे तर गौरवलेख लिहून लिहून मी थकलो आहे. आमच्या बरोबरीचे सगळे एकदमच साठीला आले. शाली तशाच, नारळ तसेच, आणि प्रत्येक जण 'बहुआयामी'. हा लेख मात्र टाळता येईना, कारण इतकी वर्षे सरांच्या शेजारी उन्हात पुठ्ठा धरून उभा राहिलेला दुसरा माणूस समितीला सापडणार नाही.

हा पुठ्ठा काय ते सांगायला हवे. सर लष्करी देखावे करत. एका पाटावर मावेल एवढा रस्ता, त्यावर थांबलेला लष्कराचा ट्रक, कडेला झुडपे आणि चार-दोन शिपाई. शिपाई कागदाच्या लगद्याचे, आत तारेचा सांगाडा. ती तार हुपरीच्या एका पैंजण करणाऱ्या कारागिराकडून येई, कारण तेवढी बारीक आणि मऊ तार कोल्हापुरात मिळत नाही असे सरांचे ठाम मत होते. झुडपे म्हणजे वाळलेल्या दोडक्याची जाळी, हिरवी रंगवलेली. ट्रकची चाके म्हणजे सरांच्या पत्नीच्या, आमच्या वहिनींच्या, शिवणाच्या डब्यातली बटणे. वहिनी म्हणत, "ह्या घरात माणसांपेक्षा शिपाई जास्त झाल्यात, आन् बटनं सगळी त्यांच्याच गाड्यांना."

देखावा तयार झाला की सर त्याचा फोटो काढत, आणि त्यांच्या लेखी खरे काम तिथून सुरू होई. देखावा पुढे मोडला तरी त्यांना फिकीर नसे. फोटो मात्र असा हवा, की बघणाऱ्याला बाहुली आठवताच कामा नये. फोटो नेहमी अंगणात, सकाळच्या उन्हात. घरात दिवे लावून काढा म्हटले तर सर चिडत. म्हणत, "सूर्य एकच असतोय. दोन दिवे लावले की दोन सावल्या पडत्यात आन् शिपायाची बाहुली होत्या." मग त्या एकुलत्या सूर्याचा उजेड शिपायाच्या तोंडावर वळवायला एक पांढरा पुठ्ठा धरावा लागे. तो मी धरायचा. ढग आला की थांबायचे, वारा आला की थांबायचे, मुंगी ट्रकवर चढली की थांबायचे. माझी मान त्या काळातच कायमची दुखावली. सर स्वतः गुडघ्यावर बसून कॅमेऱ्यात वरून डोकावत असत, त्यामुळे त्यांच्या गुडघ्यांचेही तेच झाले.

शिकलगारांचे घराणे पिढीजात धार लावणारे. संस्थानच्या काळी तलवारी, नंतर सुऱ्या आणि कात्र्या. सरांचे थोरले बंधू मात्र दुसऱ्या महायुद्धात पलटणीत गेले आणि धडधाकट परत आले. त्यांना गल्लीतल्या सगळ्यांनी विचारले, लढाई कशी असते? ते म्हणायचे, "चालून चालून पाय सुजत्यात. तीच लढाई." यापलीकडे ते कधी काही बोलले नाहीत. सरांनी ते वाक्य मनावर घेतले. त्यांच्या कुठल्याही देखाव्यात कुणी गोळी झाडत नाही. बूट काढून पाय चोळणारा, ट्रकला टेकून झोपलेला, हेल्मेटात पाणी घेऊन तोंड धुणारा, असेच त्यांचे शिपाई. सगळे दमलेले. लष्करातून आलेली मंडळी ते बघून गप्प होत. बाकीच्यांना ते फारसे आवडत नसत, हेही सांगितले पाहिजे.

आणि न आवडणारे व आवडणारे दोघेही एकच प्रश्न विचारत, "कशाचा केलाय हो?" सर सांगत, लगद्याचा. "आन् बंदूक?" टाचणीची. "आन् झाड?" दोडक्याचे. मग वाहवा होई. माणसे दोडक्याचे कौतुक करून घरी जात. सर मला म्हणत, "जाधव, इतक्या वर्षांत एकानं तरी शिपायाबद्दल काय इचारलंय का? सगळी दोडक्याबद्दलच इचारत्यात." ते हसून म्हणत, पण ते त्यांना लागत असे. फोटोतल्या शिपायाकडे माणूस म्हणून बघणारे कुणीतरी भेटावे, एवढीच त्यांची भूक होती. बक्षिसाची नव्हती.

सरांच्या करारीपणाचा एक प्रसंग इथे सांगतो, समितीला तो पचला नाही तरी. एकाहत्तरची लढाई जिंकल्यानंतरच्या गणेशोत्सवात एका मंडळाचे कार्यकर्ते सरांकडे आले. त्यांना मोठा देखावा हवा होता. आपले जवान उभे आणि त्यांच्या पायाशी शत्रूचे शिपाई पडलेले. सर म्हणाले, "पडलेला शिपाई मी करत न्हाय. कुणाचाच न्हाय." कार्यकर्त्यांपैकी एक जण जरा हसून म्हणाला, "मास्तर, तुम्ही तर करायलाच पायजे की." त्या 'तुम्ही तर' मध्ये काय होते ते अंगणातल्या प्रत्येकाला कळले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरांनी मात्र त्यांना बसवून चहा पाजला, आणि त्याच मंडळाला नदीच्या पुरात गावकऱ्यांना वाचवणाऱ्या जवानांचा देखावा करून दिला. पुराच्या पाण्यासाठी त्यांनी काच रंगवली होती. तो देखावा बघायला रांग लागली, आणि रांगेतले सगळे विचारत होते, पाणी कशाचे केलेय.

माझ्यावरच्या त्यांच्या उपकारांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ते आठवताना मला त्रास होतो. माझी पत्नी गेली तेव्हा घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ होती. प्रत्येकाने काही ना काही सांत्वनाचे शब्द बोलून दाखवले. त्यातले मला काहीही आठवत नाही. शिकलगार सर येऊन तासभर नुसते बसले आणि जाताना म्हणाले, "उद्या ऊन चांगलं पडंल. सकाळी या." मी गेलो. पुठ्ठा धरून उभा राहिलो. सरांनी दिवसभर फोटो काढले आणि मला दिवसभर उभे केले. पुढे कितीतरी दिवस हेच चालले होते. त्या काळात त्यांच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा फिल्मच नसायची, हे मला वहिनींनी नंतर सांगितले.

त्यानंतर काही वर्षांनी कोल्हापुरात हौशी छायाचित्रकारांचे प्रदर्शन भरले, तिकडे आता वळतो. सर तेव्हा थकले होते. मला म्हणाले, "जाधव, हे शेवटचं. ह्या फोटोतबी कुणाला माणूस दिसला न्हाय, तर पाट, तारा, समदं बांधून माळ्यावर." फोटो खरोखर अप्रतिम उतरला होता. ट्रकच्या मागे दोन शिपाई बसल्या बसल्या पेंगले आहेत आणि तिसरा उभा राहून मगातून चहा पितो आहे. मगावरची वाफ म्हणजे पिंजलेल्या कापसाचा एकच धागा होता.

प्रदर्शन उघडायच्या दिवशी सकाळी आम्ही सभागृहात पोचलो, सर फोटोसमोर उभे राहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. फोटो उलटा छापला गेला होता. डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे. घरच्या मोरीत फोटो धुताना निगेटिव्ह पालथी लागली होती. शिपायाच्या शर्टाची बटणे बायकांच्या झंपरासारखी उलट्या अंगाला आली होती, बंदूक भलत्या खांद्यावर, आणि चहाचा मग डाव्या हातात. ही चूक सरांच्याच हातून व्हावी याला कारण होते. त्यांच्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात वरून डोकावले की काचेवर चित्र सुलटे दिसते, पण आरशासारखे डावे-उजवे बदलून. सरांनी हा शिपाई महिनोन्महिने त्याच काचेत पाहिला होता. त्यांच्या डोळ्यांना डावराच शिपाई सवयीचा झाला होता, म्हणून उलटा फोटो त्यांना बरोबर वाटला. ज्या माणसाला बटणाची चूक झोपू देत नाही, त्याने बटणे उलटी लावून फोटो भिंतीवर टांगला होता.

"काढूया," सर म्हणाले. मी खूप समजावले की कुणाच्या ध्यानातही येणार नाही. ते ऐकेनात. लोक यायला लागले होते, तरी त्यांनी चौकटीला हात घातला. तेवढ्यात मागून एक बाई म्हणाल्या, "ह्यो माझा तुका."

त्या चंदगड भागातल्या गावडे आक्का. अंबाबाईच्या दर्शनाला जावयाबरोबर आल्या होत्या आणि शिपायांचे फोटो आहेत असे कळल्यावर आत शिरल्या होत्या. त्यांचा मुलगा तुकाराम एकाहत्तरच्या लढाईत गेला होता. घरी त्याचा एकही फोटो नव्हता, असे जावयाने हळूच आम्हाला सांगितले. मग तो आक्कांना म्हणाला, "आत्ती, आवो ती बाहुली हाय. ह्या मास्तरांनी केल्याय."

"बाहुली हाय ते मला दिसतंय की. मी काय आंधळी हाय व्हय? च्या कंच्या हातानं पितोय बघ." आक्का फोटोवरून नजर न काढता बोलत होत्या. "माझं पोरगं डावरं. लहानपणी लई मारलं, उजव्या हातानं जेव म्हणून. शेवटाला सोडून दिलं. पल्टनीत बंदूक उजव्या हातानं धरली आसंल, पर च्या त्यो डाव्याच हातानं पिणार."

सर खोटे बोलू शकत नाहीत. ते म्हणाले, "आक्का, ह्यो फोटो चुकलाय. उलटा छापलाय. माझा शिपाई उजव्या हातानं पितोय."

"तुमचा चुकला आसंल. माझा बरोबर हाय." आक्कांनी विषय संपवला. मग त्या म्हणाल्या, "पर एक सांगू का मास्तर? ह्याला उभा कशाला ठेवलाय? ती दोघं बसल्यात. ह्यो किती येळ उभा ऱ्हायाचा? दमला आसंल की. बसवा त्याला."

सर तिथल्या बाकावर जाऊन बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. मला रडू आले, आणि ते मी लपवले नाही. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते ऐकायला मिळाल्यावर माणूस आनंदाने उड्या मारत असेल अशी माझी कल्पना होती. सर फक्त म्हणाले, "आता बसवायला पायजे."

वाळलेला लगदा वाकत नाही, तुटतो. म्हणून सरांनी नवा शिपाई केला. डावरा, बसलेला, बूट काढून शेजारी ठेवलेले. फोटो काढताना आणि छापताना डावे कुठले याबद्दल काचेच्या सवयीने पुन्हा फसवू नये म्हणून त्यांनी स्वतःच्या डाव्या मनगटाला लाल दोरा बांधला. पावसाळा लागला होता, उन्हाची तिरीप पडली की अंगणात धावायचे, असे आमचे चालले. शेवटी फोटो झाला आणि आम्ही एस.टी.ने चंदगडला गेलो. त्या भागातला पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला वर्णन नको आणि ज्याने पाहिला नाही त्याला ते पटणार नाही. आक्कांनी फोटो हातात घेतला, पदराने पुसला आणि चुलीच्या वरच्या फळीवर ठेवला. सर घाबरले. म्हणाले, "आक्का, धुरानं काळा पडंल. देवापाशी ठेवा."

"देवापाशी वल येती," आक्का म्हणाल्या. "हितं ऊब हाय." आणि त्यांनी आमच्यापुढे नाचण्याची भाकरी वाढली. जेवताना त्या दोन वेळा वर बघून स्वतःशीच म्हणाल्या, "बसला बाई."

समितीच्या इतर लेखकांनी या प्रसंगानंतर सरांच्या कलेला वेगळी उंची आली वगैरे लिहिले असेल. माझे तसे मत नाही. झाले ते असे. आक्कांच्या गावचे लोक आले. मग शेजारच्या गावचे आले. मग करवीर, कागल, भुदरगडकडून आले. पासष्टच्या लढाईत गेलेल्याचे वडील, एकाहत्तरमध्ये गेलेल्याची बहीण. सगळे दारात उभे राहून तेच म्हणत, "आमच्याबी पोराला बसवा." सरांनी एकालाही परत पाठवले नाही. प्रत्येकाला ते पाटावर बसवून विचारत, पोरगा कुठल्या हाताने जेवायचा, मांडी घालून बसायचा की पाय पसरून, टोपी मागे सारायची सवय होती का. आया सांगत, आणि सांगता सांगता सरांच्या ओसरीत रडत. वहिनी पाणी देत. मग सर शिपाई करायला बसत.

माळ्यावर काही गेले नाही, हे खरे. पण हौस म्हणून जे होते ते त्या दिवसापासून संपले. त्यानंतर सरांनी स्वतःच्या मनाचा एकही देखावा केला नाही. पूर्वी आम्ही उन्हात उभे राहून चेष्टा करायचो, चाकांच्या बटणांवरून वहिनींना चिडवायचो. पुढे पुढे अंगणात कुणी मोठ्याने बोलत नसे. समोरच्या पाटावर कुणाचा तरी मुलगा बसलेला असे. मी एकदा वैतागून म्हणालो, "सर, तुम्ही काय सगळ्या पलटणीला बसवणार आहात का?" ते म्हणाले, "उभी ऱ्हायली तर मलाच झोप लागत न्हाय, जाधव."

निवृत्तीनंतर सरांचा उजवा डोळा काचबिंदूने गेला. डाव्याने दिसते, पण डॉक्टरांनी बारीक काम बंद करायला बजावले आहे. नाहीतर तोही जाईल. हे समितीला माहीत आहे. तरीही सत्कारासाठी व्यासपीठावर सरांच्या हातचा एक भव्य देखावा असावा अशी सूचना बैठकीत आली आणि तिला टाळ्या पडल्या. समितीने मला क्षमा करावी. ज्याचा डोळा गेला त्याच्याकडे डोळ्याचेच काम मागायचे आणि वर त्याला शाल पांघरायची, याला सत्कार म्हणत नाहीत.

हा लेख लिहायला घेण्याआधी मी सरांना भेटायला गेलो होतो. त्यांना म्हटले, "मी लिहिणार आहे की आता तुमच्याकडे कुणी काही मागू नये." ते म्हणाले, "ल्ह्या की. पर दारात आलेल्याला मी न्हाय म्हणणार न्हाय, हेबी ल्ह्या." तेही लिहिले. मग तेच म्हणाले, "एक शिपाई करायचा ऱ्हायलाय, जाधव."

"कुणाचा?"

"कुणाचाच न्हवं. ज्याची आई मला ठावं न्हाय असा एक."

"बसलेला?" मी विचारले.

"न्हाय, न्हाय. पळणारा. टोपी उडाल्याय, आन् हसतोय. कुठं पळतोय ते मलाबी ठावं नसावं." हे सांगताना सरांचा चेहरा कित्येक वर्षांत मी पाहिला नव्हता असा झाला. मग ओसरीवरून कुणाची तरी हाक आली आणि ते भिंतीला धरून उठले.

सर शतायुषी होवोत, असे या ग्रंथात पानोपानी छापलेले असेल, आणि मीही ते मनापासून म्हणतो. त्यांचे गुडघे बरे राहोत, वहिनींची साथ राहो. पण माझे मागणे त्याहून लहान आहे. त्यांच्या उरलेल्या डोळ्याला एका शिपायापुरता उजेड राहो आणि तो शिपाई त्यांचा स्वतःचा असो. त्याला एक महिना पुरेल. म्हणून ज्यांच्या घरचा मुलगा अजून उभा आहे, त्या सगळ्यांना हात जोडून सांगतो, तुमचे दुःख खरे आहे, मी ते जवळून पाहिले आहे. तरीही तेवढा एक महिना शिकलगार सरांच्या दारावरून पुढे जावे.